ही बाजू वर

माझ्या सासऱ्यांनी मला मुलगी दिली ती माझा आरसा बघून, असं माझं ठाम मत आहे. मी दातांचा डॉक्टर. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, कमाई विचारली नाही, घर स्वतःचं की भाड्याचं तेही नाही. "तो लांब दांडीचा छोटा आरसा असतो ना तुमच्याकडे," ते म्हणाले, "तो गिटारीच्या भोकातून आत जाईल का?" मी म्हटलं, आरामात जाईल. झालं, लग्न ठरलं.

सासरे गिटारी बनवतात. हातानं, एका वेळी एकच, आणि घाई केली तर अंगावर येतात. गल्लीत त्यांना टकटककाका म्हणतात, कारण कुठंही लाकूड दिसलं की ते बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करतात आणि कान लावून ऐकतात. शेजाऱ्यांचं दार, फळवाल्याची पेटी, बँकेतलं टेबल, काही सुटत नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि सासरे माझ्या खुर्चीच्या पाठीवर वाकलेत. "काही दम नाही," असं ते तेव्हा म्हणाले होते. खुर्चीबद्दल म्हणाले असं मी धरून चाललोय.

खाली कारखाना, वर घर, आम्ही दोघंही तिथंच राहतो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी बाक, बाकावर रंधे आणि छिन्न्या, कोपऱ्यात सरसाचं भांडं, आणि भिंतीवर ओळीनं खिळे. प्रत्येक खिळ्याला पातळ प्लायवूडचा एकेक साचा टांगलेला. दाराजवळ हवेतला ओलावा दाखवणारं एक गोल यंत्र आहे, त्याच्या काट्यावर सगळं घर चालतं. पट्ट्या चिकटवायचा दिवस असला की वर कपडे वाळत घालायचे नाहीत, गरम पाण्यानं आंघोळ नाही, पातेल्यावरचं झाकण काढायचं नाही. "लग्न करून आले तेव्हा वाटलं, चला, संगीताच्या घरात पडले," सासूबाई म्हणतात. "इथं बघते तर चहा उकळायलासुद्धा खाली विचारून यावं लागतं."

आता माझ्या बायकोबद्दल. ती पोहायला शिकवते. तिचा आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आणि घरातही ती तो कमी करत नाही. वडील तिला भिंगरी म्हणतात. भिंगरी डावरी आहे. लिहिते डाव्या हातानं, चेंडू फेकते डाव्या हातानं, मला धपाटा घालते तोही त्याच हातानं, म्हणजे मनापासून.

दहा वर्षांची असताना तिनं खालची एक गिटार उचलली आणि उलटी धरून वाजवायला सुरुवात केली. वडील म्हणाले, "सुलटी धर." ती म्हणाली, "मला अशीच येते. मग माझ्यासाठी अशी बनवा ना." त्यांनी नाही म्हटलं. तारा अदलाबदल करून द्या, म्हणाली, त्यालाही नाही. त्याचं कारण सासऱ्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय की मी आता झोपेतही सांगेन. गिटारीच्या वरच्या फळीला आतून बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांच्यावर सगळा आवाज. जाड तारांच्या अंगाला पट्ट्यांची ठेवण वेगळी, बारीक तारांच्या अंगाला वेगळी. बाहेरून तारा उलट्या लावल्या आणि आत पट्ट्या तशाच राहिल्या, तर ती गिटार नुसती दिसायला डावरी. "असलं फसवं काम माझ्या हातून होणार नाही," ते पोरीला म्हणाले. मग खरीखुरी डावरी का नाही केली? तर म्हणे, हाताला एकदा उलटी सवय लागली की सगळाच घोटाळा. पोरीनं काही महिने सुलटी धरून बघितली, बोटांनी ऐकलं नाही, आणि तिनं जी गिटार खाली ठेवली ती कायमची. हा विषय त्या घरात कुणी काढत नसे.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. एका मोठ्या वादकाची गिटार चालू होती. सासूबाई त्याला नखवाले म्हणतात, कारण तो उजव्या हाताची नखं लांब ठेवतो आणि हात मांडीवर असा सांभाळून ठेवतो जणू त्यात मांजराचं पिल्लू आहे. नखवाले तीन वर्षं रांगेत होते. दौऱ्याच्या आधी गिटार देतो, असा सासऱ्यांनी त्यांना शब्द दिला होता, आणि सासऱ्यांचा शब्द आजवर एकदाही मोडलेला नव्हता.

पट्ट्या चिकटवायच्या दिवशी नेमकी सासऱ्यांच्या कारखान्यातल्या मदतनीसाची पाठ धरली. भिंगरी सुट्टीवर होती, ती म्हणाली, "मी धरते क्लॅम्प." मी वर सासूबाईंबरोबर बिनचहाचा बसलो होतो. खालून सासऱ्यांचं "ते दे, हे काढ, बाकावर ठेव" ऐकू येत होतं, तिची बडबड ऐकू येत होती, आणि मध्येच सासरे खो खो हसले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. कारखान्यात हसणारा सासरा आम्ही दोघांनीही बघितला नव्हता.

पुढे गिटार बंद झाली, मान बसली, पॉलिश झालं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी तेवढी चिकटवायची राहिली. त्याआधी आतली तपासणी असते आणि ती माझ्याकडे. मी आरसा आणि छोटा दिवा घेऊन गेलो, कुठं सरसाचा थेंब राहिलाय का ते बघू लागलो.

"खालची तिरकी पट्टी जाड तारांकडे संपते ना, तिथं बघा," सासरे म्हणाले.

"बारीक तारांकडे संपते," मी म्हटलं.

"आरशात उलटं दिसत असेल. डॉक्टर ना तुम्ही, जावईबापू?"

"बाबा, मी दिवसभर लोकांच्या तोंडात आरशातूनच बघतो. डावं-उजवं चुकलं असतं तर लोकांनी मला जिवंत ठेवलं नसतं."

त्यांनी आरसा हिसकावला. बराच वेळ आत बघितलं. मग स्टुलावर बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. पट्ट्या उलट्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या, अगदी नीट, एकही डाग नाही, आणि उलट्या. पट्ट्या चिकटवताना फळी पालथी असते, त्यामुळे डावं उजवीकडे येतं, सांभाळा, हे ते प्रत्येक शिकाऊ माणसाला ओरडून सांगत आले होते. नंतर कित्येक दिवस त्या पट्ट्या तासल्या तेव्हा कसं दिसलं नाही, हे त्यांनाच कळेना. सवयीचं काम हात करतात आणि डोळे नुसते सोबत असतात, दुसरं काय.

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी मूर्खासारखा सल्ला देतो. म्हटलं, "टकटक केलं तर आवाज छान येतोय. नखवाल्यांना थोडंच कळणार आहे?"

"दहा वर्षांच्या पोरीला याच कारणासाठी नाही म्हटलं होतं मी," सासरे म्हणाले. "आता त्याला हो म्हणू?"

मी आरसा पुसून खिशात ठेवला.

त्यांनी ती गिटार डावरी म्हणूनच पुरी केली. घोडी उलट्या कलानं बसवली, मानेच्या कडेवरचे खुणेचे ठिपके बुजवून दुसऱ्या कडेला केले, तारा उलट्या क्रमानं चढवल्या. मग भिंगरीला खाली बोलावलं. मीही गेलो, सासूबाई जिन्यात उभ्या राहिल्या.

"ही तुझी," ते म्हणाले. बस, एवढंच. माझ्या सासऱ्यांना बोलणं म्हणजे दात काढण्यासारखं वाटतं.

तिनं गिटारीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "चुकली म्हणून?"

"चुकली म्हणजे... झाली आहे तशी."

"बाबा, मी मागितली तेव्हा मिळाली नाही. आता तुमचा हात चुकला, गिऱ्हाइकाला देता येत नाही, म्हणून माझ्या गळ्यात? मला नको. विका कुणा डावऱ्याला." आणि ती वर निघून गेली. आवाज चढवला नाही. तिनं आवाज चढवला नाही की मी मुकाट्यानं भांडी घासायला घेतो.

रविवारी नखवाले आले. सासऱ्यांनी सगळं सरळ सांगितलं, आडपडदा नाही. नखवाल्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तीन वर्षं, दौरा, शब्द, सगळं निघालं. सासरे मान खाली घालून ऐकत होते. मला ते बघवेना आणि मी उगाच रंध्याचं पातं बोटानं चाचपू लागलो. शेवटी दमून नखवाले म्हणाले, "निदान वाजते कशी ते तरी ऐकवा."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. डावरी गिटार वाजवणार कोण? सासूबाईंनी जिन्यातूनच हाक मारली, "भिंगरे, खाली ये. आणि तोंड नीट करून ये, पाहुणे आहेत."

ती आली. "फक्त यांना ऐकवायला," म्हणाली, आणि गिटार उचलली. तिला येत होते ते लहानपणीचे सरावाचे सूर, तेही उलट्या तारांवर शिकलेले. दोनदा चुकली, एकदा "अगं बाई" म्हणाली. खरं सांगतो, वादन भयंकर होतं. पण आवाज! जाड तार छेडली की बाकावरच्या छिन्न्या थरथरायच्या, आणि बारीक तारेचा सूर खिडकीपर्यंत जाऊन तिथंच रेंगाळायचा. मला त्यातलं काही कळत नाही, तरी रंध्याच्या पात्यावरचं माझं बोट थांबलं. नखवाले डोळे मिटून बसले होते. डोळे उघडून ते म्हणाले, "मी दौऱ्याला जुनी नेतो. मला हीच पाहिजे. फक्त उलटी." मग स्वतःच हसले. "म्हणजे सुलटी."

ते गेल्यावर भिंगरीनं गिटार भिंतीच्या खुंटीला अडकवली. जरा जास्तच हळू अडकवली, हे मी बघितलं. पण नको म्हणजे नको. आठवडाभर ती तिथंच लटकली होती. सासरे तिच्याकडे न बघता काम करत, आणि हिला रोज खालून काही ना काही आणायचं असे. कधी कात्री, कधी दोरा. आमच्याकडे एवढं शिवणकाम कधीच झालं नव्हतं.

नखवाल्यांच्या नव्या गिटारीची फळी तयार झाली. मदतनीस अजून वाकला की कण्हत होता, म्हणून पुन्हा भिंगरीच उभी राहिली. या वेळी मीही होतो, पहारा म्हणून.

"साचा घे," सासरे म्हणाले. त्यांच्या दोन्ही हातांना सरस होता.

तिनं खिळ्यावरून पट्ट्यांच्या जागा दाखवणारा साचा काढला आणि बाकावर ठेवला. सासरे पट्टी उचलून पुढं झाले आणि थांबले.

"परत टांग. आणि पुन्हा ठेव."

तिनं पुन्हा तसंच केलं. सासऱ्यांनी हात पुसले, साचा स्वतः टांगला, स्वतः काढला. तेव्हा मलाही दिसलं. ते उजव्या हातानं काढतात, बाकाकडे वळताना त्यांचं मनगट फिरतं आणि साचा पालथा होऊन बसतो. हिनं डाव्या हातानं काढला. तिच्या हाताला फिरायची गरजच पडली नाही, साचा होता तसाच खाली आला. इतक्या वर्षांत तो साचा दुसऱ्या कुणी डावऱ्यानं हाताळलाच नव्हता.

भिंगरीचा चेहरा उतरला. "म्हणजे त्या दिवशी... बाबा, मी घालवली तुमची गिटार?"

"घालवली?" सासरे एकदम हसले, तसेच खो खो. "अगं, तू बनवलीस ती! तुझ्या हातानं मांडलीस म्हणून तुझ्या हाताची झाली. मी नुसता सरस लावला." आणि मग, माझ्यासमोर, जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. म्हणाले, "भिंगरे, तेव्हाच बनवायला हवी होती मी. हात बिघडेल म्हणून घाबरलो. बिघडला नाही गं."

तिनं डाव्या मनगटाला नाक पुसलं.

सासऱ्यांनी साचा उलटा करून बघितला. एका बाजूला, सरसाच्या डागांखाली, त्यांच्याच अक्षरातले अर्धेमुर्धे पुसलेले शब्द होते: ही बाजू वर. दुसरी बाजू कोरी. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कोऱ्या बाजूवर सावकाश, दाबून लिहिलं:

हीसुद्धा बाजू वर.

भिंगरीनं ते वाचलं, हात पुसले आणि खुंटीवरची आपली गिटार काढून घेतली.