दयानंदरावांचे मागचे ब्रेक

पोराची पारख कांदेपोह्यांवर होत नाही, असं दयानंदरावांचं ठाम मत होतं. पोहे काय, कुणीही खातं. म्हणून मुलीनं, सुप्रीतानं, हेब्बाळच्या कंपनीतला क्षितिज नावाचा पुण्याचा मुलगा पसंत केल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याला रविवारी बनशंकरीला घरी बोलावलं ते गाडीच्या मागच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड बदलायला. लग्नाला होकार की नकार, हे काम झाल्यावर ठरणार होतं. सुप्रीतानं कपाळाला हात लावला.

गॅरेजवाल्यांवर दयानंदरावांचा काडीचा विश्वास नव्हता. घरचा मिक्सर त्यांनी स्वतः दुरुस्त केला होता, आणि खोबऱ्याची चटणी अजून छतालाच होती. बाकी माणूस सरळ. मूळचे निपाणीचे, त्यामुळे जेवताना, भांडताना, देवापुढे मराठीच. पण सगळी नोकरी इथं, कन्नड मुलखातल्या कारखान्यात झालेली. हातात पाना आला की तोंडातून कन्नड सुरू व्हायचं आणि त्यांचं त्यांनाच कळायचं नाही.

क्षितिज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला, इथूनच सगळं चुकलं. दयानंदराव त्याच्याशी परक्याशी बोलावं तसं कोरडं बोलले. सकाळभर "अहो, जॅक धरा", "अहो, हातोडा द्या" असंच चाललं. जुन्या डिस्क गंजून इतक्या चिकटल्या होत्या की ठोकून ठोकून काढाव्या लागल्या. वरच्या मजल्यावरच्या धनलक्ष्मी अक्का आरती सुरू झाली समजून हात जोडून गॅलरीत आल्या. निघालेल्या डिस्क दयानंदरावांच्या बायकोनं, शिवलीलाबाईंनी, लगेच तुळशीच्या कुंडीखाली सरकवल्या.

नवे पॅड बसले. आता कुणीतरी गाडीत बसून ब्रेक दाबायचा, तो घट्ट लागेपर्यंत, एवढंच उरलं होतं. क्षितिजला मघाशी बॉनेटपाशी ब्रेक ऑइलची बाटली देऊन आपणच उभं केलंय, हे दयानंदराव साफ विसरले. तो स्टिअरिंगवर बसलाय असं धरून त्यांनी मागच्या चाकापाशी पडल्या पडल्या हाक दिली, "ओत्तु!"

कन्नडमध्ये ओत्तु म्हणजे दाब. पुण्याच्या कानांना ऐकू आलं, ओत तू.

क्षितिजनं ओतलं.

"ओत्तु, ओत्तु!" दयानंदराव ओरडत राहिले, तो ओतत राहिला. टाकी भरली, वाहिली, इंजिन न्हालं, पांढरा शर्ट गेला, आणि ओघळ अंगणाच्या उतारावरून दयानंदरावांच्या बनियनला येऊन भेटला. शिवलीलाबाईंनी ऑइलनं रंग जाईल म्हणून गाडीवर बादल्या रिकाम्या केल्या. त्यातली एक दयानंदरावांवर पडली, चुकून की कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

दयानंदराव निथळत उभे राहिले. सुप्रीता रडकुंडीला आली. आता नकारच येणार, हे तिनं धरलंच होतं.

"सांडतंय हे दिसत होतं ना?" त्यांनी विचारलं. "मग थांबला का नाहीत?"

क्षितिज रिकामी बाटली धरून खाली बघत होता. "दिसत होतं," तो म्हणाला. "पण सकाळपासून पहिल्यांदाच तुम्ही मला तू म्हणालात. मग थांबवेना."

पोरगा गाडीच्या बाबतीत ढ होता, यात शंकाच नव्हती. पण दयानंदरावांना त्याच्यावर रागावताच येईना, आणि त्याचाच त्यांना राग आला. त्यांनी ओल्या बनियनला हात पुसले, गाडीचं दार उघडलं आणि एकेक मराठी शब्द सांभाळत म्हणाले,

"आत बस. आता दाब, तू."