ठिणगीचा गुडघा

शाळा सुटली की त्या शहरातल्या निम्म्या जिन्यांवर एकच आरोळी ऐकू यायची, ‘चल रे!’ दप्तर जड झालं, चल रे. सायकलची साखळी उतरली, चल रे. ताटात नावडती भाजी पडली तरी पोरं डोळे घट्ट मिटायची, चल रे म्हणायची आणि घास गिळून मोकळी व्हायची. आयांकडून तर ठिणगीचे उपकार जन्मभर फिटले नसते.

ठिणगी म्हणजे परदेशातून आलेल्या एका अ‍ॅनिमे कार्टून मालिकेतला अकरा वर्षांचा पोरगा. तळहात एकमेकांवर घासून ठिणग्या उडवायचा आणि काळोख पसरवणाऱ्या राक्षसांना लोळवायचा. मालिका आठ वर्षं चालू होती आणि पठ्ठ्या आठही वर्षं अकराचाच होता. त्याचं दप्तर, त्याची बाटली, त्याची टूथपेस्ट, त्याच्या चादरी. पोटावर दाबलं की ‘चल रे!’ ओरडणारा बाहुला तर दुकानात सकाळी आला की दुपारी संपायचा. मोठी माणसंही काही कमी नव्हती. बँकेतले एक गंभीर साहेब ठिणगीचे मोजे घालून यायचे आणि दिवसभर पाय टेबलाखाली लपवून बसायचे.

आणि हा वीर राहायचा कुठं? तर बसथांब्यामागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. वय वर्षं अठ्ठावन्न, उजवा गुडघा अधू, नवरा निवृत्त ड्रॉइंग मास्तर. आपल्या भाषेतल्या ठिणगीचा आवाज ही बाई काढायची. स्टुडिओत तिला सगळे मावशी म्हणायचे, म्हणून आपणही मावशीच म्हणू.

पोराचा आवाज बाईनं का काढायचा, असं विचाराल तर त्याला कारण आहे. खऱ्या पोराचा आवाज दोन-तीन वर्षांत फुटतो, बाईचा टिकतो. पण ही गोष्ट बाहेर बोलायची नाही, असं करारातच होतं. ठिणगी स्वतःच बोलतो असं मुलांना वाटलं पाहिजे, नाहीतर बाहुला कोण घेणार! मावशींच्या घरात हे फक्त मास्तरांना ठाऊक होतं.

समोरच्या दारातली नऊ वर्षांची पोरगी, आवाजामुळं तिला सगळे पिपाणी म्हणत, ती दर रविवारी सकाळी मालिका बघायला मावशींकडे यायची. तिच्या घरचा टीव्ही त्या वेळी आजोबांच्या ताब्यात असे. मावशींच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि वर मावशींनाच शिकवायची.

‘‘काकू, आता नीट ऐका हं. आता तो म्हणणार. तुम्हाला नाही कळायचं, पण हा त्याचा युद्धमंत्र आहे.’’

‘‘असेल बाई,’’ मावशी म्हणायच्या आणि मास्तर वर्तमानपत्रामागं खुदुखुदु हसायचे.

युद्धमंत्र कसला आलाय डोंबलाचा! झालं होतं ते असं. आठ वर्षांपूर्वी पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग होतं. स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मावशींचा गुडघा तेव्हापासूनच कुरकुरायला लागलेला. प्रत्येक पायरीवर त्याला गोंजारत, दटावत, ‘चल रे, चल रे’ करत त्या वर आल्या, बांगड्या नि घड्याळ काढून ठेवलं, चपला दाराबाहेर सोडल्या. माईक म्हणजे चहाडखोर सासू, काकणाचा आवाज झाला तरी त्याला ऐकू जातं. पोट गुरगुरू नये म्हणून एक केळं खाल्लं आणि त्या माईकच्या जाळीसमोर उभ्या राहिल्या.

पडद्यावर ठिणगी कोसळलेला, आता उठणार. मावशींनी वाक्य म्हटलं, पण त्याचं तोंड हलतच राहिलं. मूळ भाषेतलं वाक्य लांब, आपलं आखूड; ओठ उरले आणि शब्द संपले. तेवढ्यात उठायचा अभिनय करताना मावशींच्या गुडघ्यातून सणक गेली आणि तोंडून आपोआप निघालं, ‘चल रे...’ बरोब्बर ओठांवर बसलं. दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या, ‘‘हे कागदावर नाहीये, उद्या काढून टाकू.’’ उद्या दुसराच भाग आला, परवा तिसरा. काढायचं राहून गेलं, आणि महिन्याभरात ते गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या तोंडी झालं. मग कंपनीचंच पत्र आलं, ते दोन शब्द प्रत्येक भागात असलेच पाहिजेत.

त्यानंतरची वर्षं मावशींनी वेश बदलून फिरणाऱ्या राजासारखी काढली. भाजीवाल्याच्या टोपलीशी, दवाखान्याच्या बाकावर, कुणाचं ना कुणाचं पोर त्यांच्याच आवाजाची नक्कल करायचं. यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं, आणि तोंड मात्र कसं, जणू त्या गावचीच नाही!

मग यंदा दिग्दर्शिकाबाईंनी त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं आणि न मागता चहा पुढं केला. मावशींनी तो तसाच ठेवला.

‘‘मावशी, नव्या मालिकेत ठिणगी पंधराचा होतोय. पहिल्याच भागात त्याचा आवाज फुटतो. अर्ध्या भागापर्यंत तुम्ही, नंतर... पुरुषाचा आवाज लागेल.’’

‘‘मी काढीन की पंधराचा. माझी चाचणी घ्या.’’

बाईंना नाही म्हणवेना. मावशींनी आठवडाभर गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, न्हाणीघरात घोगरा आवाज लावला. मास्तर म्हणाले, ‘‘अगं, छान जमतंय,’’ तर त्यांच्यावरच खेकसल्या, ‘‘तुम्हाला काय कळतंय आवाजातलं? तुम्ही आपले फळ्यावर हत्ती काढा!’’ बिचारे मास्तर वर्तमानपत्रामागं गेले. बाई रागावली नाहीये, घाबरलीय, हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारानंतर कळत होतं.

चाचणी झाली. रेकॉर्डिस्टला सगळे कानसेन म्हणत. शेजारच्या खोलीतली पाल चुकचुकली तरी तो टेक थांबवायचा. त्यानं ते परत वाजवून दाखवलं. सर्दी झालेलं अकरा वर्षांचं पोर, दुसरं काही नाही. मावशींनी हेडफोन काढून ठेवला. त्यांना खोटं सांगायची सोय नव्हती, कारण त्यांचाही कान तितकाच तिखट होता.

‘‘चोंदलंय नाक त्याचं,’’ त्या म्हणाल्या आणि बांगड्या चढवू लागल्या. हातात एक बांगडी काही जाईना.

रेकॉर्डिंगच्या दिवशी नवा गडी आला. बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, आणि दाढी अशी भरघोस की त्यात चिमणीनं संसार थाटावा. मावशींनी त्याचं नाव मनातल्या मनात दाढी ठेवून टाकलं आणि त्याच्याकडं बघायचंच नाही असं ठरवलं. पण दाढी आला तो थेट वाकून नमस्काराला.

‘‘मावशी, तुम्ही? ठिणगी म्हणजे तुम्ही? माझी थोरली तर घरी उठता-बसता ‘चल रे’...’’

‘‘घरी सांगायचं नसतं,’’ मावशी म्हणाल्या, पण स्वर जरा निवला होता.

प्रसंग असा होता. दीपगृहाचा म्हातारा रखवालदार जखमी झालाय, वरचा दिवा विझलाय, आणि ठिणगी त्याला पाठुंगळी घेऊन शेकडो पायऱ्या चढतोय. निम्म्या जिन्यात त्याचा आवाज फुटतो. मावशींनी आपली वाक्यं एका दमात केली. शेवटच्या वाक्यावर आवाज चिरकायचा होता, तोही असा चिरकवला की कानसेननं काचेपलीकडून अंगठा दाखवला. आठ वर्षांचं काम पंधरा मिनिटांत संपलं. मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि आता घरी जावं की बघावं हे त्यांना ठरवता येईना.

दाढी उत्तम निघाला, हे त्यांना मान्य करावं लागलं. हळवा, दमदार, पोरसवदा. फक्त एका ठिकाणी गाडी अडली. शेवटच्या वळणावर ठिणगी म्हणतो, ‘चल रे,’ आणि तिथं दाढी जी काही डरकाळी फोडायचा! मीटरची सुई थाडकन उडायची.

‘‘हळू,’’ दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या. हळू केलं तर धमकी वाटायला लागली. जोश वाढवला, कमी केला, तेरा टेक झाले. दाढी घामाघूम.

शेवटी कानसेन म्हणाला, ‘‘एक सुचवू? मावशींची आरोळी आहेच आपल्याकडं. बाकी बोलणं याचं, ‘चल रे’ तेवढं मावशींचं जुनंच लावू. बाहुल्यातही तेच आहे. कायमचं तेच ठेवू.’’

मावशी खुर्चीतून पुढं सरकल्या. कायमचं! म्हणजे जिन्याजिन्यावर आपणच राहणार. दाढीनंही सुटल्यासारखा श्वास सोडला. कानसेननं जोडून वाजवलं. पडद्यावर रुंद खांद्यांचा, मिसरूड फुटलेला पोरगा, पाठीवर म्हातारा, आणि त्याच्या तोंडून निघालं कोवळं, किनरं ‘चल रे’.

‘‘चालेल,’’ दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या.

सगळे मावशींकडं बघत राहिले. त्यांनी फक्त मान हलवायची होती. त्यांनी पडद्यावरच्या त्या पोराकडं पाहिलं. आठ वर्षं त्याला उठवलं होतं, पळवलं होतं, त्याच्या प्रत्येक धडपडण्यावर इथं अनवाणी उड्या मारल्या होत्या.

‘‘नाही चालणार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोराचं हसं होईल. ऊठ रे दाढी, चल माझ्याबरोबर.’’

त्यांनी त्याला थेट तळमजल्यावर नेलं. फाटकाशी पाण्याचा भरलेला मोठा कॅन होता, तो त्याच्या खांद्यावर चढवला.

‘‘तुझं काय दुखतं?’’

‘‘काही नाही मावशी.’’

‘‘बत्तीस वर्षांचा झालास आणि काही दुखत नाही? खरं सांग.’’

दाढी लाजला. ‘‘कंबर. धाकटीला कडेवर घेऊन घेऊन.’’

‘‘मग ऐक. ती आरोळी नाहीये. राक्षसाला नाहीच म्हटलेलं ते, मी माझ्या गुडघ्याला म्हटलं होतं. तू दमलायस, माहितीये मला, पण तुझ्याशिवाय मला कोण आहे, दोन पायऱ्या आणखी चढ, बाबा. एवढं सगळं त्या दोन शब्दांत आहे. चढ आता, आणि कंबरेशी बोल.’’

पहिल्या मजल्यावर दाढी हसत होता. दुसऱ्या मजल्यावर हसू मावळलं. तिसऱ्याच्या अर्ध्यात तो थांबला, कठड्याला टेकला, डोळे मिटले आणि कुणालाही ऐकू जाऊ नये असं पुटपुटला, ‘‘चल रे.’’

वरच्या दारात कानसेन उभा होता. त्याला अर्थातच ऐकू गेलं. ‘‘तसाच आत ये,’’ तो ओरडला, ‘‘कॅन खाली ठेवू नकोस!’’

एका टेकमध्येच काम झालं. मग दिग्दर्शिकाबाईंनी नाक पुसलं आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

त्या दिवशी घरी येऊन मावशींनी मास्तरांना सगळं सांगितलं, आणि सांगताना रडल्याही. मास्तरांनी फळ्यावरचा नव्हे, कागदावरचा एक हत्ती काढून दिला, पाठीवर मावशी बसलेल्या. तो अजून फ्रिजवर आहे.

नवा भाग लागला त्या रविवारी पिपाणी नेहमीसारखी येऊन टेकली. निम्मा जिना झाला, आवाज चिरकला, आणि पुढचं वाक्य दाढीच्या गळ्यातून आलं. पिपाणीनं मावशींचा हात घट्ट धरला. ‘चल रे’ आलं तेव्हा तर ती श्वास घ्यायची विसरली. वर दिवा लागला, भाग संपला.

‘‘मोठा झाला,’’ पिपाणी हळूच म्हणाली. इतक्या हळू ती जन्मात कधी बोलली नव्हती.

‘‘हो गं. मोठा झाला,’’ मावशी म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपत उठायला गेल्या. गुडघ्यानं दगा दिला, त्या परत खाली बसल्या.

‘‘काकू, रडताय? खूप दुखतंय का गुडघा?’’ पिपाणी उठून उभी राहिली. ‘‘मग त्याला चल रे म्हणा ना! मी जिन्यात रोज म्हणते, खरंच चढता येतं. पण नीट म्हणायचं, ठिणगीसारखं, छोट्या ठिणगीसारखं. जमेल तुम्हाला? प्रयत्न तर करा.’’

मावशींनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ‘‘कराराची मुदत गेल्या महिन्यात संपली,’’ ते म्हणाले.

मावशींनी गुडघ्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि अकरा वर्षांच्या कोवळ्या, चिवट आवाजात म्हणाल्या, ‘‘चल रे...’’

आणि उठल्या.

पिपाणीनं आधी टीव्हीकडं पाहिलं. तो मास्तरांनी केव्हाच बंद केला होता. मग ती मावशींकडं वळली, तोंड उघडं, डोळे बशीएवढे. मग दोन्ही हातांनी त्यांचा पदर धरला आणि म्हणाली, ‘‘परत म्हण ना रे.’’