तारलीचा तवंग

आमच्या कुडाळच्या फ्लॅटमध्ये समुद्र आला तो कॅनमधून. नवऱ्याने रविवारी देवबागला जायचं, मोठाले कॅन भरून आणायचे, धापा टाकत दोन जिने चढवायचे आणि हॉलमधल्या काचेच्या पेटीत ओतायचे. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलंच, दर्या एवढा जवळ असताना हे पेटीत घालायचं काय वेड! मी हसून वेळ मारून नेली. खरं कारण हॉलमधल्या खुर्चीत बसलेलं होतं, आणि त्याच्यासमोर ते बोलणं बरं दिसलं नसतं.

कारण म्हणजे माझे सासरे. जन्म देवबागचा, हयात रापणीत गेलेली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, त्याच्या दोराला अर्धा गाव लागतो. पण जाळं टाकायचं कधी, हे सासऱ्यांनी सांगायचं. ते माडाखाली बसून नुसतं पाणी बघत. तारली या तेलकट मासळीचा थवा वर आला की पाण्यावर तवंग धरतो. आपल्याला ताटातला केस दिसावा तसा त्यांना तो लांबून दिसे. मग उठून हाक घालत, “इली रे!” मासळी आली म्हणून, आणि असेल तो माणूस हातातलं टाकून धावत सुटे. माझं माहेर सावंतवाडीकडचं, समुद्र मला सहलीपुरता ठाऊक. लग्नानंतर पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा कोण बुडालं म्हणून मी चुलीवरची भाकरी तशीच टाकून बाहेर पळाले होते. पुढे कितीतरी दिवस सगळे मला त्यावरून चिडवत.

पुढे त्यांच्या छातीने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटल जवळ हवं. आम्ही त्यांना कुडाळला आणलं आणि ते मुकाट्याने आले, त्याचीच मला जास्त भीती वाटली. खिडकीशी बसून राहायचे. समोर काय, तर पलीकडच्या इमारतीची भिंत. विचारलं की “बरो आसंय” म्हणायचे. ताटातली भाकरी निम्मी तशीच उठायची. बाबा असेच बसून राहिले तर फार काढणार नाहीत, असं नवरा एकदा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला आणि नळ सोडून तोंड धूत बसला. त्यानंतरच ती पेटी घरात आली. पंप, दगड, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे.

पहिल्या दिवशी सासरे पेटीभोवती फिरले, बोट बुडवून जिभेला लावलं. “खारां आसा,” म्हणाले, आणि त्या दुपारी त्यांनी भात मागून घेतला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

पण सुख म्हणून काही असतं का मेलं! थोड्याच दिवसांत पाण्यावर तवंग धरायला लागला. दुधावरच्या सायीसारखा, फुंकर मारली तर सुरकुत्या पडणारा. पेटी देणाऱ्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, तवंगाने पाण्याला हवा मिळत नाही, काढत राहा, नाहीतर मासे जातील. बघते तर खरंच, दोघं वर येऊन तोंडं उघडमीट करताहेत. मासे गेले तर खुर्चीतला माणूस पुन्हा खिडकीकडे वळणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मग मी हात धुऊन त्या तवंगाच्या मागे लागले. कोरा कागद पाण्यावर अलगद पसरायचा, हळूच ओढायचा, तवंग कागदाला चिकटून येतो. सकाळी स्वच्छ करावं, तर दुसऱ्या दिवशी हजर. देवापुढची उदबत्ती आत नेली. पुऱ्या तळायच्या बंद केल्या. नवऱ्याच्या डोक्याचं तेल त्याच्या हाताला लागतं म्हणून त्याला कोपरापर्यंत साबण लावायला लावला, त्यावरून आमचं भांडणही झालं. तवंग आपला रोज येतोच आहे.

एका दुपारी वाढता वाढता मागे वळले आणि चोर सापडला. सासऱ्यांनी आपल्या ताटातल्या तारलीचा तुकडा पाण्याच्या पेल्यात खळबळून धुतला, चिमटीत कुस्करला आणि पेटीत सोडला. तारली! इतका तेलकट मासा दुसरा नाही. मी कपाळाला हात लावला. धुतलात कशाला, असं विचारलं तर म्हणाले, “तिखट लागात त्यांका.”

“पण बाबा, द्यायचं कशाला?”

“त्यांचो वाटो. जेणां दोराक हात लावलो, तेका वाटो.”

रापणीचा हा नियम मला माहीत होता. येणारा-जाणारासुद्धा दोराला लागला तर त्याला मासळीतला वाटा मिळतो. पण या दोघांनी कुठला दोर ओढला, असं मी जरा चिडूनच म्हटलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “माका हंय ओढून कोणी धरल्यान गो बाय?”

मी आत जाऊन उगाच भांडी आपटली. रडू आलं की मला भांडी लागतात.

तरी मासे जगायला हवे होते. मी त्यांना समजावलं आणि त्यांनी तारली देणं सोडलं. नवऱ्याने पंपाचं तोंड वर वळवलं, पाणी लाटांनी हलायला लागलं, तवंग गायब. मासे टुणटुणीत झाले. मी खूश. दुसऱ्या सकाळी सासरे पेटीशी वाकले, बराच वेळ बघितलं, आणि “मासळी नाय,” म्हणून खुर्ची खिडकीकडे फिरवली. अहो, मासे डोळ्यांसमोर फिरताहेत! मी बोट लावून दाखवले. “ते दिसतत गो,” ते म्हणाले, “पण दर्यार काय नाय.” त्या दुपारी भाकरी पुन्हा निम्मी उठली.

मग मी आपली तडजोड काढली. दुपारी तारलीचा इवलासा तुकडा द्यायचा, त्याहून जास्त नाही. सकाळी चहा ठेवताना पंप बंद करायचा. चहा उकळेपर्यंत पाणी थिजायचं, पातळसा तवंग धरायचा. सासरे तिरके बघत, आणि हळूच, घरातल्यांनाच ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत, “इली रे.” मी हात पुसत यायची. कागदाचं एक टोक मी धरायची, दुसरं ते. “हळू ओढ गो, फाटात,” असं मलाच वर ऐकवायचे. तवंग निघाला की पंप चालू, आणि मग चहा. खरं सांगते, माझ्या संसारातल्या सगळ्यात सुखाच्या सकाळी त्याच.

ते गेले ते पावसाळा सरता सरता, झोपेतच. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. पेटी कुणाला देऊन टाकूया का, असं नवऱ्याने विचारलं. मी पेटीची काच पुसत राहिले. सवयीने एका सकाळी चहा ठेवला आणि पंप बंद केला. पेटीशी जाऊन बघते, तर पाणी काचेसारखं लख्ख. तवंगाचा मागमूस नाही. येणार कुठून? वाटा घालणारा माणूसच नव्हता. ज्या तवंगाला मी आधी इतक्या शिव्या घातल्या, तो नाही म्हणून मी कोरा कागद हातात धरून हमसून हमसून रडले.

त्या दुपारी मी तारली घेतली. तुकडा पेल्यात खळबळून धुतला, कुस्करला, पेटीत सोडला. दुसऱ्या सकाळी पंप बंद केला आणि चहा उकळेपर्यंत थांबले. तवंग धरला होता. मी कागद पसरला, पण पलीकडचं टोक नुसतं पाण्यावर लोळत होतं. नवरा हेल्मेट घेऊन ऑफिसला निघाला होता, दारातच थबकला.

“इली,” मी म्हटलं. “अहो, दोराक हात लावा.”

त्याने हेल्मेट खुर्चीत ठेवलं, बाह्या वर केल्या, आणि आधी जाऊन कोपरापर्यंत साबण लावून आला.