काढून टाकलेला फोटो

मुंबईच्या ठोक बाजारात मी पहिल्यांदा मोबाईलचे डिस्प्ले घ्यायला गेले, तेव्हा एका व्यापाऱ्याने विचारलं होतं, "मॅडम, मिस्टर कुठायत?" मी म्हटलं, "मिस्टर असते तर तुम्ही सुटला असतात. आता माझ्याशी बोला." संध्याकाळी त्याने स्वतः माल बांधून दिला. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे मी दुकान टाकलं, तेव्हा लोक दुरुस्तीला नाही, बाई मोबाईल उघडते ते बघायला यायचे. मी त्यांनाही चार शब्द सुनावले. माझ्या जिभेला धार आहे, ती मी लपवत नाही. त्या जिभेवरच दुकान उभं राहिलं.

जिल्ह्यातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्यांचा ग्रुप मीच सुरू केला. खेडपासून राजापूरपर्यंतचे लोक त्यात आले. कुठला पार्ट कोणाकडे आहे, कुठल्या बोर्डचं काय दुखणं आहे, हे तिथे विचारायचं. अ‍ॅडमिन मी एकटी. बाकी सगळे पुरुष आणि नाटे गावची ती.

ती माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. बंदरावरच्या लोकांचे समुद्रात पडलेले फोन उघडून उघडून तिचा हात असा बसला होता, की आमच्यातल्या जुन्यांनी तोंडात बोट घालावं. ती लिहायची कमी, बोलूनच पाठवायची. "ताई, फोन तांदळात ठेवू नका. तांदूळ जेवायला ठेवा. खारं पाणी सुकलं की मीठ बसतं आणि चिपचे पाय खातं. ओला आहे तोवर उघडायचा, तोवर धुवायचा." मागे मासळीच्या लिलावाचा ओरडा असायचा. मधेच एक बायकी आवाज विचारायचा, "चहा ठेवू गो?" तो कोणाचा, हे मी कधी विचारलं नाही. मला अंदाज होता आणि अंदाजावर माझं भागत होतं.

मग तिने स्वतःचं दुकान काढलं आणि पूजेचा फोटो ग्रुपवर टाकला. सत्यनारायणाला जोडीने बसतात, तशा त्या दोघी पाटावर बसल्या होत्या. हिच्या हातात पळी आणि हिच्या मनगटाला दुसरीने लावलेला हात. यजमानाच्या हाताला बायकोने लावावा, तसाच. खाली लिहिलं होतं, "नवीन दुकान. आम्ही दोघी."

 मग सुरू झालं.

"भटजी ऑनलाइन मागवला काय?"

"यातले मिस्टर कोण?"

आणि जिल्हाभर पार्ट पुरवणारे आमचे शेठ, त्यांनी टाकलं, "दोन्ही सॉकेटच दिसतायत. पिन कुठाय? चार्जिंग कसं होणार?" त्यावर हसून लोळणारी तोंडं रांगेने आली.

तिने उत्तर दिलं, "आमचं चार्जिंग चालतं, शेठ. तुम्ही पाठवलेले डिस्प्ले तेवढे चालत नाहीत."

मी दुकानात एकटीच मोठ्याने हसले. शेठ मात्र पेटले. त्यांनी लिहिलं, "अ‍ॅडमिन, ही घाण काढा, नाहीतर मी ग्रुप सोडतो."

शेठ नवा माल आला की आधी मला दाखवायचे. ते माझ्या डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला वाटलं, भांडण कसं मिटवायचं ते मला येतं. आयुष्यभर तेच केलंय. समोरच्याचा एक आकडा, आपला एक, मधे तोडायचं. दोघंही जरा नाराज होऊन उठले की समजायचं, सौदा बरोबर झाला. मी शेठचा विनोद ग्रुपवरून काढून टाकला, बाकीच्यांचे काढले, तिचं उत्तर काढलं आणि फोटोही काढला. खाली लिहिलं, "इथे फक्त कामाचं बोलायचं. घरगुती विषय कोणीही आणायचे नाहीत. दोन्ही बाजूंना सांगते आहे."

तिने मला वेगळं विचारलं, "ताई, फोटो पण?"

"फोटो पण. सगळ्यांना एकच नियम."

ती ग्रुपमधून निघून गेली. मी फोन केला, तिने उचलला नाही. दुसऱ्यांदा मी केला नाही. गिऱ्हाईक दुकानातून उठून चाललं की त्याला पायरीपर्यंत जाऊ द्यायचं, मग हाक मारायची, ही माझी पद्धत. पण ती पायरी उतरून कधी गेली, मला कळलंच नाही. एकदा फोन करून मला चार शिव्या घालायला काय हरकत होती? तिच्यासाठी मी किती वेळा एसटीच्या पार्सलने पार्ट पाठवले होते. हा राग माझा अजून गेलेला नाही.

आठवडाही झाला नसेल. लोटे गावच्या एकाने मुलीच्या बारशाचा फोटो टाकला. पाळणा, फुगे, पेढ्याचं ताट. सगळ्यांबरोबर मीही लिहिलं, "अभिनंदन! पेढे कधी?" पाठवलं आणि हात तिथेच थांबला. मग मी ग्रुप वर वर सरकवत गेले. लग्नपत्रिका होत्या, डोहाळजेवण होतं, बायकोच्या स्वयंपाकावरचे विनोद होते. चिपळूणच्या एकाच्या दुकानाची पूजा होती, नवरा-बायको पाटावर, पळी, हाताला हात. खाली माझेच जोडलेले हात. माझा नियम सगळ्यांना एक होता आणि लागला होता फक्त तिला. मधे तोडलं म्हणत होते, पण विनोद करणाऱ्याचा एक विनोद गेला होता आणि तिचं घर गेलं होतं.

ते कळलं तरी मी लगेच काही केलं नाही. खाऱ्या पाण्यात पडलेला फोन दुरुस्तीला आला की मी ग्रुपवर विचारायचे. उत्तर यायचं, "बोर्ड बदला." मग मी तिचे जुने आवाज लावून ऐकायचे. काम कळण्यासाठी लावायचे आणि काम कळल्यावरही बंद करत नसे. हातात ब्रश, समोर उघडा बोर्ड, आणि ती सांगते आहे, "घाई नको ताई, त्याला श्वास घेऊ द्या." दुकानात माणसं येत-जात होती, माझ्याशी भाव करत होती. पण दिवसातून दोनदा तरी असं काहीतरी व्हायचं, की ते फक्त तिलाच सांगण्यासारखं असायचं. कोणी काय मूर्खपणा केला, कुठला जुना फोन जिवंत झाला. ते सांगायला माणूस उरलं नव्हतं.

पुढे शेठनी दुसऱ्या एकाच्या चालण्या-बोलण्यावर तसाच विनोद केला, तेव्हा मी त्यांना काढून टाकलं. ग्रुपवर लिहिलं, की घरचं आनंदाचं कोणीही टाकावं, कोणाचंही घर असो, आणि त्यावर हसणारा बाहेर जाईल. पाच-सहाजण शेठच्या मागून गेले. माल आता मी स्वतः मुंबईहून आणते. मला वाटलं, भाव पुरा झाला. तिला कळवलं, "काढलं त्यांना. आता ये." तिने वाचलं. ती आली नाही.

शेवटी मी नाटे गाठलं. दुकान बंदराच्या वाटेवर, लहानसं, स्वच्छ. ती वाकून काम करत होती. दुसरीने मला ओळखलं आणि न विचारता चहा टाकला.

"शेठला काढलं मी," मी म्हटलं.

"वाचलं ताई."

"मग अजून काय हवं तुला? सांग तरी."

ती हसली. "ताई, मी भाव नाही करत आहे हो."

 तिने मला एक बोर्ड दाखवला, मी पाहिला, आम्ही दोघींनी मिळून शिव्या घातल्या तो बनवणाऱ्या कंपनीला. अगदी पूर्वीसारखं. तेवढ्यात मी म्हटलं, "ग्रुपवर ये ना गो. तुझ्याशिवाय तिथे काही नाही."

"आमचा दुसरा आहे आता. सोल्डरिंगवाल्यांचाच. आमच्यासारखे बरेच आहेत, बाकीचेही आहेत. तिथे मला बरं वाटतं."

"मग मला घे त्यात."

"मी एकटी अ‍ॅडमिन नाही. येणाऱ्याला आम्ही एक प्रश्न विचारतो. उत्तर सगळे वाचतात, मग ठरतं."

रत्नागिरीला परतताना, राजापूरच्या पुढे गाडी आली तेव्हा तो प्रश्न मोबाईलवर आला: ग्रुपमध्ये कोणाची टिंगल झाली आणि तुम्ही तिथे होतात, तेव्हा तुम्ही काय केलंत?

मी भलंमोठं लिहिलं. शेठ, त्यांचा माल, मी केलेला फोन, तिने न उचललेला फोन. मग वाचलं आणि सगळं पुसलं. लिहिलं, "टिंगल जिची झाली, तिचाच फोटो मी काढून टाकला. काढायला नको होता." आणि पाठवलं.

त्याला आज नववा दिवस. दुकान उघडलं की आधी मोबाईल बघते. मी इतकी वाट कधी कोणाची पाहिलेली नाही, आणि त्या गोष्टीचा मला रागही येतो. पण दुसरा आकडा सांगायला माझ्याकडे काही नाही. त्यांनी वाचून ठरवायचं आहे.