पायरीपाशी वाजणारा हॉर्न

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे घर होतं, त्याची दगडी पायरी रस्त्यात आलेली होती. मोटार आत घ्यायची किंवा मागे घेत बाहेर काढायची तर त्या पायरीला वळसा घालताना स्टेअरिंग डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवावं लागे. आमचं घर त्या घराला लागूनच. दोन अंगणांमधल्या भिंतीत एक लहान दार होतं. शेजारी बोअर होता, आमच्याकडे नव्हता, आणि नगरपालिकेच्या पाण्याचा भरवसा त्या वर्षांत कुणीच धरत नसे. त्या दारातून रबरी पाईप यायचा आणि आमची टाकी भरायची.

शेजारच्या गृहस्थांना आम्ही चाचा म्हणत असू. कापडाचं दुकान मुलांच्या हाती देऊन ते घरी बसलेले. माझे पती एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कारखान्यात होते. नव्वदच्या सुमारास त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि पहिल्याच आठवड्यात चाचांना विचारलं, पायरी थोडी मागं घेता येईल का, खर्च मी देतो. चाचा म्हणाले, पायरी वडिलांच्या वेळची आहे. विषय तिथे संपला.

त्यानंतर काही दिवसांतच हॉर्न बिघडला. गाडी पायरीशी वळली की तो आपोआप वाजे आणि स्टेअरिंग सरळ झालं की थांबे. जाताना-येताना, रोज, चाचांच्या दारात. गॅरेजवाल्याने गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊन आणली आणि काहीही बिघाड नाही असं सांगितलं. तिथे स्टेअरिंग पूर्ण वळवायची वेळच येत नव्हती.

चाचांनी आठवडाभर ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी ते पायरीवरून उठले आणि गाडीच्या खिडकीशी आले.

“पायरी न्हाई काढली म्हणून रोज भोंगा वाजवून राह्यले का, साहेब?”

“चाचा, मी न्हाई वाजवत. आपोआप वाजून राह्यला.”

“आपोआप. अन् बराबर माझ्याच पायरीपाशी.”

मीही चाचांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

त्याच रात्री पतींनी बॉनेट उघडून हॉर्नची वायर काढून ठेवली. भांडण मिटेल असं आम्हाला वाटलं, पण उलट झालं. दोन दिवस हॉर्न वाजला नाही, तेव्हा चाचांनी घरात सांगितलं की बघा, बोलल्याबरोबर कसा बंद केला, म्हणजे वाजवणाराच वाजवत होता. हे मला चाचींनी भिंतीपलीकडून ऐकवलं. सकाळी भिंतीतल्या दाराला पलीकडून कडी लागलेली होती. हॉर्नशिवाय गल्लीतून गाडी नेणं धोक्याचं होतं. पोरं खेळत, शेळ्या मधेच बसत. म्हणून वायर परत जोडावी लागली, आणि हॉर्न पुन्हा पायरीपाशी वाजू लागला. पुढचे काही दिवस मी दुसऱ्या गल्लीतल्या हापशावरून घागरी आणल्या.

मग कारखान्याच्या आवारात, अडचणीच्या जागी गाडी लावताना, हॉर्न तसाच वाजला. तिथे पायरी नव्हती, फक्त स्टेअरिंग पूर्ण डावीकडे होतं. पतींच्या ध्यानात आलं की दोष आत कुठेतरी वायरमध्ये आहे. येत्या रविवारी आपणच दुरुस्त करू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मंग अंगणात नका करू, पायरीपुढं करा.

रविवारी सकाळी गाडी पायरीपुढे उभी राहिली. चाचा पायरीवर उर्दू पेपर वाचत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. पतींनी स्टेअरिंगच्या मधलं हॉर्नचं बटण काढून बाजूला ठेवलं. आता एकाने स्टेअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने आत पाहायचं. मी पुढे होणार तोच पती पायरीकडे वळून म्हणाले, “चाचा, जरा स्टेअरिंग धरता का?”

चाचांनी पेपराची घडी घातली, चपला बाहेर काढल्या आणि ते गाडीत बसले. त्यांनी आयुष्यात मोटार चालवलेली नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग डावीकडे नेलं. हॉर्न वाजला. त्यांनी हात झटकन वर घेतले; तो वाजतच राहिला. सरळ केलं, थांबला. त्यांनी पुन्हा फिरवून पाहिलं.

“मी तर बटणाला हातबी न्हाई लावला,” ते म्हणाले. बटण शेजारच्या सीटवर पडलेलं होतं.

“मीबी न्हाई लावत होतो, चाचा.”

पतींनी सांगितलं तसं चाचा स्टेअरिंग हळूहळू फिरवत राहिले. वायरवरचं रबर एका जागी घासून गेलं होतं आणि उघडी तार लोखंडाला टेकत होती. त्या जागेवर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवला, वरून काळी टेप गुंडाळली आणि बटण बसवलं. चाचांनी स्टेअरिंग पार शेवटपर्यंत नेऊन काही वेळ तसंच धरून ठेवलं. आवाज आला नाही. उतरताना त्यांनी आत हाक मारून चाचींना दोन कप चहा सांगितला.

दुपारी कडी निघाली आणि पाईप आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी अगदी गुपचूप वळली. पायरीखाली बसलेली चाचांची शेळी थोडक्यात वाचली. चाचा खिडकीशी आले.

“आता तर वाजवा, साहेब,” ते म्हणाले. “बकरी मरंल माझी.”

तेव्हापासून पती पायरीपाशी हॉर्न वाजवू लागले. आमची टाकी भरायची असली तर चाची तो आवाज ऐकून बोअरची मोटर चालू करत.