गुन्हा केवढा, ते सांगा आधी

निजामाच्या अमलात उमरग्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसणारा एक अर्जनवीस लोकांच्या तक्रारी उर्दूत लिहून द्यायचा. मी शाळामास्तर, शाळा सुटली की त्याच्याजवळ टेकायचो. कोणी "त्याला फाशीच द्या" म्हणत आला की तो बोरू कानावर ठेवायचा अन् शिंप्यानं माप घ्यावं तसं विचारायचा, "गुन्हा केवढा, ते सांगा आधी. शिक्षा तेवढीच बेतू."

एकदा एक पाटील तणतणत आला. त्याची थोरली लेक शेजारच्या पोराबरोबर राजीखुशीनं निघून गेली होती.

"पळवली म्हणून लिवा. वय बारा टाका, म्हंजी लई वर्षं आत जाईल."

"अन् गेल्या साली लगीन केलं ती धाकटी कितीची?"

"तेराची."

थोरली धाकटीहून धाकटी झाली, हे पाटलाच्या ध्यानात यायला वेळ लागला. "बरं, एकोणीस लिवा," तो पुटपुटला.

"पोरगा?"

"विसाचा."

"धाकटीचा नवरा?"

"चाळिशीचा. बिजवर हाय, पर जमीन लई."

अर्जनवीसानं बोरू दौतीत बुडवला. "लिवतो की. फकस्त आरोपी दोन झाले. आधी कुणाचं नाव घालू, पोराचं का जावयाचं?"

पाटील चपला हातात घेऊनच निघाला. मी पोट धरधरून हसलो.

अर्जनवीस हसला नाही. बोरू पुसत त्यानं मोठ्या अदबीनं विचारलं, "मास्तर, तुमच्या लग्नात आमच्या वैनी केवढ्या होत्या?"

लिंबाच्या गार सावलीतच मी छत्री उघडली आणि घराकडं निघालो.