शांताक्काला पाणी कोणी पाजलं?

तुमच्या सदरातले अनुभव नात मला वाचून दाखवते. निम्मे तर थापाच वाटतात. मी ख्रिस्ती घरातली, चौथी शिकलेली. भूत, भानामती... कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण एक गोष्ट माझ्याच बाबतीत झाली, आणि तिच्यात मी काही चांगली दिसत नाही.

हैदराबाद स्टेट होतं तेव्हाची. पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली असतील. बीदर जिल्ह्यात मन्नाएखेळ्ळीजवळ आमचं खेडं. मी नवी सून. उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली आणि गाव उठून शेतात राहायला गेलं. आमची ख्रिस्ती लोकांची चार घरं तेवढी मागे राहिली, ती माझ्या सासूमुळे. मी तिला आत्या म्हणायची. तिची एक सवय होती — साध्या दळणाच्या गोष्टीतसुद्धा विचारायची,

"हे भिऊन करायलीस, का देवावर भरवसा ठेवून?"

"आत्या, दळणात कशाला देव?"

"मग अमावस्या बघून कामून थांबलीस?"

आमच्या समोरच शांताक्का राहायची, लिंगायताची विधवा. तिला जुलाब-वांत्या लागल्या, तर दीर-जाऊ तिला तशीच टाकून शेतात निघून गेले. आत्या आणि माझा नवरा औषध आणायला बैलगाडीनं बीदरला निघाले. जाताना आत्या म्हणाली, "पाणी उकळ, मीठ-गूळ टाक, अन् शांताक्काला घोट घोट पाज. न्हाईतर मरंल ती."

"आपल्या हातचं पिती व्हय ती?"

"पिती का न्हाई ते ती बघंल. तू जा."

मी पाणी उकळलं, तांब्यात भरलं, उंबऱ्यापर्यंत गेले. तिचं कण्हणं तिथपर्यंत ऐकू येत होतं. ती बाटलं म्हणेल, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला मरायचं भ्या वाटत होतं. तांब्या चुलीजवळ ठेवला, आतून कडी लावली आणि दिवस बुडेपर्यंत दाराला पाठ लावून बसले. प्रार्थना केली, तीही माझ्या एकटीसाठी. संध्याकाळी कण्हणं थांबलं. मेली, असंच मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी आत्या गाडीतून उतरली ती थेट शांताक्काकडे. मी मागे मागे. बघते तर शांताक्का भिंतीला टेकून बसलेली!

"तुझी सून लई तोंडाळ हाय गं," ती आत्याला म्हणाली. "काल दिवसभर उशाशी बसून दटावायली होती, पी म्हणून. मी म्हटलं, बाटवतीस का मला? तर असं काही बोलली, की मी गपगुमान तोंड उघडलं."

तिच्या उशाशी आमचा तांब्या होता. काठावर आत्याचं नाव कोरलेलं.

आत्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो हात तसाच फिरू दिला.

घरी येऊन पाहिलं — चुलीजवळ तांब्या नव्हता. मागे राहिलेल्या बाकीच्या तीन घरांत आडून आडून विचारलं. कोणी गेलं नव्हतं. तिला ग्लानीत भास झाला म्हणावं, तर तांब्या कडी लावलेल्या घरातून गेला कसा?

शांताक्काचा दीर परत आला. आमच्या घरचं पाणी प्याली म्हणून त्यानं तिची चूल वेगळी केली. "तुम्ही टाकून गेलात, त्या पोरीनं जगवलं," असं त्याला तोंडावर सांगून ती एकटी राहिली. रोज आमच्या ओट्यावर यायची, माझ्याकडेच पाणी मागायची. म्हणायची, "त्या दिशी तू जे बोललीस ना, ते मला अजून पुरायलंय बघ."

काय बोलले होते मी? विचारलं असतं तर ती मी नव्हतेच, हे तिनं ओळखलं असतं. पुढे कितीतरी वर्षांनी ती गेली, तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. पटकीच्या त्या दिवशी तिथे कोण बसलं होतं, मला आजही सांगता येत नाही. शेवटपर्यंत तिला शुद्ध होती, बोलत होती. तरी मी विचारलं नाही.